फॉर्मवर ‘नाही’ लिहून बसलो, आता मुलाखत आठवड्यावर आली

मावशी,

मी २५ वर्षांचा आहे. चौथीपर्यंत नाशिकला शिकलो, मग आईबाबांबरोबर अमेरिकेत आलो. ते इथले नागरिक झाले तेव्हा मी अठराच्या आत होतो, म्हणून मीही नागरिक झालो. कॉलेज कोलोरॅडोत झालं. तिथे गांजा कायदेशीर आहे, त्यामुळे शनिवार-रविवारी मित्रांबरोबर ओढायचो, गमीजही (गांजा घातलेल्या चघळायच्या गोळ्या) खायचो. परीक्षेच्या दिवसांत रूममेटच्या अ‍ॅडरॉलच्या गोळ्या (लक्ष लागावं म्हणून डॉक्टर लिहून देतात त्या) चार-पाच वेळा घेतल्या. तीन वर्षांपूर्वी हे सगळं बंद केलं. आता व्हर्जिनियात संरक्षण खात्याची कामं करणाऱ्या एका कंपनीत नोकरी लागली आहे. त्यांना टॉप सीक्रेट क्लिअरन्स, म्हणजे अतिगुप्त सरकारी माहिती हाताळायची परवानगी, लागतो. गेल्या महिन्यात फॉर्म भरला आणि ड्रग्जच्या प्रश्नांना ‘नाही’ लिहिलं. बाबा म्हणाले, “तिथे कायद्यानं चालत होतं ना? मग लिहायचं कशाला? कोणाला कळणार आहे?” आईला यातलं काहीच माहीत नाही.

आता तपास अधिकाऱ्याचा फोन आलाय, पुढच्या आठवड्यात मुलाखत आहे. झोप उडाली आहे. खरं सांगितलं तर फॉर्मवर खोटं लिहिल्याची कबुली होते. गप्प राहिलो तर कदाचित निभावून जाईल. आणि दोन वर्षांपूर्वी काशीला शिवरात्रीला भांगेची थंडाई प्यायलो होतो, तेही सांगायचं का?

— अ., व्हर्जिनिया

प्रिय अ.,

सांग. सगळं सांग, आणि समोरचा माणूस त्या प्रश्नापर्यंत यायच्या आत सांग. हातात आठवडाच आहे, म्हणून आधी उत्तर दिलं. कारणंही नीट वाच, कारण घरून तुला याच्या उलट सांगितलं जातंय आणि बाबांसमोर बसशील तेव्हा ती लागतील.

तुझ्या फाइलमध्ये दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तू त्या एकच धरून चालला आहेस. एक म्हणजे गांजा आणि गोळ्या. दुसरी म्हणजे ते ‘नाही’. क्लिअरन्स द्यायचा की नाही हे १३ निकषांवर ठरतं. आत्ताचे निकष ८ जून २०१७ पासून लागू आहेत. त्यातला ‘एच’ अमली पदार्थांबद्दलचा, ‘ई’ वैयक्तिक वर्तनाबद्दलचा. ‘एच’मध्ये काळ तुझ्या बाजूनं आहे. किती जुनं आहे, किती वेळा झालं, कोणत्या परिस्थितीत झालं, ती संगत सुटली का, पुन्हा करणार नाही असं सही करून द्यायची तयारी आहे का, हे सगळं तिथे विचारात घेतात. कॉलेजात गांजा ओढला, पुढे सोडला, फॉर्मवर खरं लिहिलं आणि क्लिअरन्स मिळाला, अशी माणसं या देशात भरपूर आहेत.

‘ई’चा हिशोब वेगळा आहे. काळजीच्या गोष्टींची तिथली यादीच फॉर्मवर जाणूनबुजून माहिती दडवणं किंवा खोटी देणं यापासून सुरू होते. तपासात खरं न बोलणं ही बाब विशेष महत्त्वाची मानली जाईल, असंही तिथे स्पष्ट लिहिलंय. तू गांजा ओढलास तेव्हा कोवळा होतास, भोवती मित्र होते. ‘नाही’ लिहिलंस तेव्हा पंचवीसचा होतास, घरात शांत बसून प्रश्न वाचला होतास. गांजा जुना झालाय. खोटं गेल्या महिन्यातलं आहे, आणि मुलाखतीत परत ‘नाही’ म्हणालास तर ते पुढच्या आठवड्यातलं होईल. तुझी तीन वर्षांची सगळी कमाई या एका शब्दापायी जाते आहे, याचंच मला वाईट वाटतं.

आता बाबांचा मुद्दा. कोलोरॅडोच्या मतदारांनी नोव्हेंबर २०१२ मध्ये गांजाला परवानगी दिली आणि १ जानेवारी २०१४ ला तिथे दुकानं उघडली, हे खरं. पण ती परवानगी २१ वर्षं पूर्ण झालेल्या माणसाला. कॉलेजची पहिली दोन-तीन वर्षं तू त्यातही बसत नव्हतास. मोठी गोष्ट म्हणजे हा फॉर्म राज्याचा नाही, केंद्र सरकारचा आहे. तू भरलेल्या फॉर्मचा, म्हणजे एसएफ-८६ चा, २३ वा भाग उघड. प्रश्न सुरू होण्याआधीच तिथे लिहिलंय की राज्यात चालत असलं तरी उत्तर केंद्राच्या कायद्याप्रमाणे द्यायचं. म्हणजे ‘तिथे कायदेशीर होतं म्हणून प्रश्न मला लागू नाही असं वाटलं’ असं तू म्हणालास, तर अधिकारी तीच ओळ तुझ्यासमोर ठेवेल. प्रश्न खरोखरच चुकीचा समजला असेल तर गोष्ट निराळी. नुसतं उत्तर चुकलं म्हणून कोणी खोटारडा ठरत नाही, हेतू सिद्ध व्हावा लागतो. पण तुझ्या पत्रात गैरसमज नाही. तू वाचलंस, घाबरलास आणि लपवलंस. ते गैरसमजाच्या वेष्टनात गुंडाळू नकोस, ते दुसरं खोटं होईल. आणि अ‍ॅडरॉलला तर कोलोरॅडोचा आडोसाही नाही. दुसऱ्याच्या नावावर लिहून दिलेली गोळी घेणं कुठल्याच राज्यात चालत नाही. डॉक्टरनं दिलेल्या औषधांच्या गैरवापराबद्दल त्याच भागात वेगळा प्रश्न आहे, त्यालाही तू ‘नाही’च लिहिलं आहेस.

बाबांनी तो भाग स्वतः वाचला असता तर त्यांचं मत कदाचित बदललं असतं. तुमच्या घराला ज्याची भीती वाटते आहे त्याबद्दल तिथेच आश्वासन दिलंय: या भागातली खरी उत्तरं आणि त्यांतून मिळालेली माहिती नंतरच्या फौजदारी खटल्यात तुझ्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरली जाणार नाही. हे संरक्षण फक्त खऱ्या उत्तराला आहे. खोट्या उत्तराला लागतं ते केंद्राच्या कायदेसंहितेच्या १८ व्या, फौजदारी खंडातलं कलम १००१, पाच वर्षांपर्यंत कैद. क्लिअरन्सच्या फॉर्मवर गांजा लपवला म्हणून सहसा कोणाला तुरुंगात टाकत नाहीत, नोकरी आणि विश्वास जातो. पण खरं लिहिलं असतंस तर सुरक्षित होतास आणि खोटं लिहून कायद्याच्या कक्षेत आलास, एवढं बाबांना दाखव.

वातावरणही बाबांना वाटतं तितकं कठोर नाही. २१ डिसेंबर २०२१ ला तेव्हाच्या राष्ट्रीय गुप्तवार्ता संचालक एव्हरिल हेन्स यांनी सगळ्या खात्यांना कळवलं की पूर्वी मौजेखातर गांजा घेतला असेल तर ती बाब विचारात घ्यावी, पण तेवढ्यावरून निकाल लावू नये. माणूस सगळ्या बाजूंनी पाहायचा, असं धोरण आहे. अट एकच, पाहता येईल असं काही तू त्यांच्यासमोर ठेवलं पाहिजेस.

‘कोणाला कळणार आहे?’ याचं उत्तर तूच फॉर्मवर लिहून दिलं आहेस. कुठे कुठे राहिलास आणि तिथे तुला ओळखणारं कोण, हे तू भरलंस. त्याशिवाय तुला चांगलं ओळखणाऱ्या तीन जणांची नावं दिलीस. कोलोरॅडोतल्या घराच्या रकान्यात बहुधा त्याच रूममेटचं नाव असेल. तपास अधिकारी त्याला भेटेल किंवा फोन करेल, त्याच्याकडून आणखी दोन नावं घेईल. प्रत्येकाला तुझ्या ड्रग्जबद्दल विचारेल. तो मुलगा तुझं वाईट चिंतणारा नसेल, पण त्याच्या लेखी ती लपवायची गोष्टच नाही. “हो, कॉलेजात सगळेच ओढायचे,” असं तो सहज बोलून जाईल. की त्यानंही खोटं बोलावं म्हणून तू त्याला फोन करणार? कृपा करून करू नकोस. आजवरच्या सगळ्यापेक्षा ते वाईट ठरेल.

समजा या वेळी निभावलं. मग तू पाच-सात वर्षं नोकरी करशील, लग्न होईल, घराचे हप्ते सुरू होतील, आणि एक दिवस पॉलिग्राफ, म्हणजे खोटं पकडायची यंत्रचाचणी, लागणारं काम समोर येईल. सीआयए, एनएसए या गुप्तचर संस्थांकडे तो असतोच. ज्यांच्या क्लिअरन्सवर आक्षेप येतात त्या कंत्राटी कर्मचाऱ्यांच्या सुनावण्या संरक्षण खात्याच्या ज्या कार्यालयात होतात त्याला सगळे डोहा म्हणतात. तिथले निकाल नावं गाळून जाहीर होतात, कोणीही वाचू शकतो. त्यांत एक कहाणी पुन्हा पुन्हा भेटते. पहिल्या फॉर्मवर ‘नाही’. कित्येक वर्षांनी, वरच्या दर्जाच्या क्लिअरन्ससाठी भरलेल्या फॉर्मवर किंवा पॉलिग्राफच्या खोलीत, खरं बाहेर. तोवर गांजा इतका जुना झालेला असतो की न्यायाधीश तो मुद्दा अर्जदाराच्या बाजूनं निकाली काढतात. क्लिअरन्स जातो तो त्या पहिल्या ‘नाही’मुळे. चांगली, कष्टाळू माणसं, कामात एक डाग नाही. ते निकाल वाचताना जीव तुटतो.

तू त्या वाटेवर अजून पहिल्याच पावलावर आहेस, आणि परतीचं दार उघडं आहे. ‘ई’ निकषातच ते दिलंय: पुराव्यानिशी समोरून विचारणा होण्याआधी माणसानं स्वतःहून, लगेच आणि प्रामाणिकपणे चूक दुरुस्त केली, तर ती त्याच्या बाजूची गोष्ट धरतात. अधिकाऱ्यानं “तुमचा मित्र तर असं म्हणाला” असं म्हटल्यावर मान डोलावणं आणि मुलाखत सुरू होताच “माझ्या फॉर्ममध्ये खोटं उत्तर आहे, ते आधी दुरुस्त करायचंय” असं आपण म्हणणं, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तो फरक तुझ्या हातात याच आठवड्यापुरता आहे.

उद्या पहिलं काम: क्लिअरन्सच्याच प्रकरणांत काम करणाऱ्या वकिलाकडून तासाभराचा सल्ला घे. व्हर्जिनियात, वॉशिंग्टनच्या आसपास असे बरेच आहेत. खर्च होईल, होऊ दे. दुरुस्ती केल्यानं आधीचं खोटं कायद्याच्या नजरेत पुसलं जात नाही, त्यामुळे शब्द आणि मार्ग वकिलाला विचारूनच ठरव. मार्ग दोन आहेत. कंपनीच्या सुरक्षा अधिकाऱ्याला, ज्याला तुमच्याकडे एफएसओ म्हणतात, मुलाखतीआधी लेखी कळवायचं की २३ व्या भागातली उत्तरं दुरुस्त करायची आहेत. त्यानं तारखेचा पुरावा राहतो, पण कंपनीला लगेच कळतं. किंवा थेट तपास अधिकाऱ्याला, बसल्या बसल्या, पहिल्या पाच मिनिटांत सांगायचं. माझा कल लेखीकडे आहे, पण तुझ्या प्रकरणात काय बरं हे वकील पाहील. सल्ल्याला उशीर होतोय म्हणून मात्र मुलाखतीत गप्प बसू नकोस. वकील मिळो न मिळो, त्या खोलीत खोटं बोलायचं नाही.

दुसरं काम, कागद घेऊन बस. फॉर्म प्रत्येक पदार्थाबद्दल विचारतो की पहिल्यांदा कोणत्या महिन्यात, शेवटचं कधी, साधारण किती वेळा, कसं, पुढे घ्यायचा विचार आहे का आणि का. गांजा वेगळा लिही, गोळ्या वेगळ्या लिही. विकत कोण आणायचं, कधी तू आणून मित्रांना दिलंस का, तेही आठव, कारण आणण्या-देण्याचाही प्रश्न आहे. नेमकी तारीख आठवत नसेल तर अंदाज लिही आणि अंदाज आहे असं लिही.

आणि इथेच तुला सावध करायचंय. पत्रात तू लिहिलंस, ‘तीन वर्षांपूर्वी हे सगळं बंद केलं.’ पुढे काही ओळींवर लिहिलंस, ‘दोन वर्षांपूर्वी भांग प्यायलो.’ तू मला फसवायला निघाला नव्हतास, तुझ्या मनात थंडाई ड्रग्जच्या खात्यात पडतच नाही. पण हेच वाक्य तू मुलाखतीत बोललास आणि नंतर काशी निघाली, तर दुरुस्तीच खोटी ठरेल. माणसं पहिल्यांदा खोटं बोलून जितकी अडकतात, तितकीच अर्धं खरं सांगून अडकतात. ‘एक-दोनदा चव घेतली’ म्हणायचं आणि मग आकडा वाढत जायचा, हे त्या अधिकाऱ्यांनी शेकडो वेळा ऐकलेलं असतं. तुझं कॉलेजातलं प्रमाण दर आठवड्याचं असेल तर ‘दर आठवड्याला’ असंच म्हण. ते ऐकायला वाईट वाटेल, पण नंतर कोणी ते खोटं ठरवू शकणार नाही.

तर भांग. हो, सांगायची. काशीत भांगेची सरकारमान्य दुकानं आहेत आणि भारताच्या १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यातल्या गांजाच्या व्याख्येत नुसती पानं येत नाहीत, हे मला ठाऊक आहे. शिवरात्रीला महादेवाचा प्रसाद म्हणून पेला हातात आला तर त्यात आपल्याकडे कोणाला गैर वाटत नाही. पण पानं त्याच झाडाची, आणि फॉर्म अमेरिकेच्या केंद्राचा कायदा धरतो. परदेशात तिथल्या कायद्यात बसणारी भांग या प्रश्नात मोडते का, यावर वकील वाद घालू शकतील. तो वाद तुझ्या मनात एकट्यानं मिटवून गप्प बसू नकोस. कुठे, केव्हा, कोणत्या निमित्तानं आणि तिथे ती दुकानात मिळते, एवढं सरळ सांग. काशीचा प्रवास परदेशवारीच्या रकान्यात तू लिहिलाच असशील. पुन्हा मात्र कुठेही पिऊ नकोस, होळीलाही नाही. गमीज, गांजाच्या अर्काची तेलं, ‘हेम्प’ म्हणून पेट्रोल पंपावर विकतात ती गोळ्या-चॉकलेटं, सगळं लांब ठेव. चाचणीत निघालं तर बाटलीवर काय छापलं होतं हे कोणी ऐकत नाही.

आता घर. आईला माहीत नाही, हे तू एका वाक्यात लिहून पुढे गेलास. मला वाटतं झोप उडण्याचं निम्मं कारण तेच आहे. सरकार हे प्रश्न विचारतं त्याचं एक मोठं कारण असं की जी गोष्ट तुम्ही जिवाच्या आकांतानं दडवता, तिच्यावरून तुम्हाला कोणी धमकावू शकतं. निकषांत तसं स्पष्ट आहे. अधिकारी तुला विचारू शकतो, “हे घरी कोणाला माहीत आहे?” मुलाखतीच्या आधी आईला सांग. ती रडेल, चिडेल, “तुला कमी काय होतं इथे?” असं विचारेल, कदाचित चार दिवस नीट बोलणार नाही. तरीही तुझ्या तोंडून ऐकू दे. तिच्या लेकरानं काहीतरी सोडून दिलंय आणि आता खरं सांगायला निघालाय, हेही तिला त्याच वेळी कळेल.

बाबांवर चिडू नकोस. आपल्याकडे सरकारी कागदावर कमीत कमी लिहावं असं शिकतच त्यांची पिढी मोठी झाली. ते तुझ्या काळजीनंच बोलले. पण मुलाखतीत त्यांना पुढे करू नकोस. कोणी विचारलं तर ‘वडिलांशी बोललो होतो’ हे खरं सांग, पण सही तुझी आहे. निकषांत दुसऱ्याच्या सल्ल्यावर विसंबल्याची सवलत आहे, ती वकिलाच्या किंवा या कामाची जबाबदारी असलेल्या माणसाच्या सल्ल्यापुरती आहे.

आणखी एक गोष्ट, जी आपल्या मुलांना कोणी सांगत नाही. नाशिकला तुझे आजी-आजोबा, मामा, चुलतभाऊ असतील. परदेशातल्या नात्यांसाठी वेगळा निकष आहे, ‘बी’. त्यात तुझी बाजू कशावर उभी राहते? नात्यांबद्दल तू जे सांगशील ते खरं मानण्यावर. किती वेळा फोन करतोस, कोण सरकारी नोकरीत आहे, कोणाला पैसे पाठवतोस, हे सगळं ते बऱ्याच अंशी तुझ्या तोंडूनच ऐकणार. गांजाबद्दल खोटं बोललेला माणूस मामाबद्दल खरं बोलतोय हे त्यांनी का मानावं? बाहेरून आलेल्या आपल्यासारख्यांना त्या एका ‘नाही’ची किंमत दुप्पट पडते.

खरं सांगूनही नकार येऊ शकतो, हे तुझ्यापासून लपवत नाही. क्लिअरन्स हा कोणाचा हक्क नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८८ मध्येच म्हटलंय, आणि शंका उरली तर ती देशाच्या बाजूनं सोडवतात. कंपनी वाट न बघता दुसरा माणूस घेऊ शकते. आक्षेपांचं पत्र आलं तर उत्तर द्यायला २० दिवस मिळतात. प्रत्येक मुद्द्यावर ‘मान्य’ किंवा ‘अमान्य’ लिहायचं असतं, सुनावणी मागता येते. ते पत्र एकट्यानं लिहू नकोस. नकार कायम झाला तरी वर्षानंतर पुन्हा अर्ज करता येतो, आणि तेव्हा फाइलमध्ये काय असेल ते याच आठवड्यात ठरतंय: स्वतःहून दुरुस्त केलेलं उत्तर, की पकडलं गेलेलं.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी थोडं. तुम्ही अजून ग्रीन कार्डवर असाल, किंवा गांजा घेतल्यानंतर स्वतः अर्ज करून नागरिक झाला असाल, तर अ.चं उत्तर जसंच्या तसं उचलू नका. स्थलांतराच्या कायद्यात शिक्षा झालेली नसतानाही नुसत्या कबुलीचे परिणाम होऊ शकतात, आणि नागरिकत्वाच्या अर्जावर तुम्ही काय लिहिलं होतं तेही तपासलं जाऊ शकतं. तुम्हालाही खोटं बोलायचं नाहीच. पण तोंड उघडण्याआधी स्थलांतराचा वकील गाठा.

अ., आज रात्री फॉर्मची प्रत काढ, २३ वा भाग पुन्हा वाच आणि तो कागद लिहून काढ. उद्या सकाळी वकिलाला फोन कर. संध्याकाळी आईजवळ बस, बाबांनाही बसव. मुलाखतीची तारीख वकिलाच्या भेटीआधी येत असेल तर अधिकाऱ्याला फोन करून दोन-चार दिवस पुढे मागून घे. तसं विचारण्यात गैर काही नाही.

— मावशी